हलशीत एक दिवस : पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडं पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ठरलेला सवाल येतो, "इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे हो?" मी हलशी म्हणतो आणि मग पुढचे प्रश्नही ठरलेलेच. उत्तरं सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. बेळगावातली कितीतरी माणसंसुद्धा काशी करून आलेली असतात आणि हलशीला गेलेली नसतात. त्यांनीही वाचायला हरकत नाही.

हलशी नेमकी कुठं आली?

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. बेळगावहून सुमारे चाळीस किलोमीटर, खानापूरहून पंधराच्या आसपास. वाटेत नंदगड लागतं. कित्तूरच्या बाजूनं आलात तर पंचवीसेक किलोमीटर. फोनवरच्या नकाशात 'हलसी' असं टाकून शोधा, लवकर सापडतं.

हे तर खेडं दिसतंय. तुम्ही प्राचीन नगरी म्हणताय, ती कुठाय?

हा प्रश्न गाडीतून उतरल्या उतरल्या येतो. समोर कौलारू घरं, दारात वाळत घातलेलं भात, रस्त्यात आडवी बसलेली म्हैस. नगरी दिसत नाही हे खरं आहे. ती जोडून बघावी लागते आणि त्यालाच दिवस लागतो.

बनवासीचे कदंब म्हणून राजघराणं होतं. चौथ्या शतकात मयूरशर्म्यानं ते उभं केलं. बनवासी इथून लांब, उत्तर कन्नड जिल्ह्यात. राज्याच्या उत्तर भागावर लक्ष ठेवायला त्यांची दुसरी राजधानी होती पलाशिका, म्हणजे आपली हलशी. हे कशावरून म्हणायचं? तर नंदगडच्या वाटेवर, गावाबाहेर, चक्रतीर्थ नावाची एक लहानशी विहीर आहे. तिच्याजवळच्या मातीच्या ढिगाऱ्यात कदंबांचे सात ताम्रपट सापडले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जे. एफ. फ्लीट यांनी ते वाचून एकोणिसाव्या शतकात छापले. कदंबांबद्दल आज जे ठामपणे बोललं जातं, त्यातला मोठा भाग त्या विहिरीकाठच्या मातीतून आलाय.

ताम्रपट म्हटलं की लोकांना वाटतं, नुसती राजाची स्तुती असेल. यात माणसं भेटतात. काकुस्थवर्मा नावाचा राजा (तेव्हा युवराज) श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला शेत देतो, कारण सेनापतीनं त्याचा जीव वाचवला होता. काकुस्थवर्म्याचा नातू मृगेशवर्मा आपल्या वडिलांच्या, शांतिवर्म्याच्या, स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधतो. त्याचा मुलगा रविवर्मा आपल्याच घराण्यातल्या विष्णुवर्म्याला मारून, कांचीच्या चंडदंडाला उखडून, पलाशिकेत बसतो. जीव वाचवल्याबद्दल शेत, बापाच्या आठवणीत देऊळ, भाऊबंदकीत रक्त. दीड हजार वर्षांत आपल्याकडच्या सातबाऱ्याचं फारसं काही बदललेलं नाही.

पुढं सहाएकशे वर्षांनी त्याच कदंब नावाची गोव्यातली शाखा इथं आली. त्यांचं मुख्य ठाणं गोव्यात, आणि घाटावरचा कारभार हलशीतून. त्या मुलखाला 'पलसिगे बारा हजार' म्हणत. बेळगावच्या स्टँडवर गोव्याची 'कदंबा' बस उभी असते ना, ते कदंब हेच.

हलशी हे नाव कशावरून पडलं?

ताम्रपटात पलाशिका, पुढच्या लेखांत पलसिगे, मग हलसिगे, मग हलसी. जुन्या कन्नडातला 'प' मधल्या काळात 'ह' झाला. पाल (दूध) चं हालु झालं, तसंच हे. संस्कृतात पलाश म्हणजे पळस. कन्नडात हलसु म्हणजे फणस. आमच्या तालुक्यात दोन्ही झाडं उदंड आहेत, त्यामुळं गावात बसून या विषयावर बोलायला लागलात तर एक पार्टी पळसाची आणि एक फणसाची निघते. फणसवाल्यांचा आवाज मोठा असतो.

एक दिवस पुरेल का?

पुरतो. उलट लोक अर्ध्या तासात उरकतात हीच माझी तक्रार आहे. भूवराह-नरसिंहाचं दर्शन घ्यायचं, देवळासमोर सेल्फी काढायचा आणि अकराच्या आत गोव्याच्या रस्त्याला लागायचं. मग घरी गेल्यावर "एक देऊळ आहे, बाकी काही नाही" असं सांगायचं.

सकाळी नऊच्या आत पोचा. मोठं देऊळ, म्हणजे भूवराह-नरसिंहाचं, ऊन तापायच्या आधी बघा, कारण दगड तापला की अनवाणी फिरताना नुसतं नाचावं लागतं. मग गावातली नि शिवारातली महादेवाची देवळं, चालत. दुपारी जेवून झाडाखाली पडा, तासभर डुलकी घ्या. ऊन कललं की रामतीर्थाचा डोंगर. उतरताना पुन्हा एकदा मोठ्या देवळात जा. संध्याकाळच्या उजेडात शिखराच्या पायऱ्या वेगळ्याच दिसतात. परतीच्या वाटेवर नंदगड.

जायचं कसं?

स्वतःची गाडी असेल तर सोपं आहे. बेळगावहून खानापूर हा गोव्याचा महामार्ग, तिथून नंदगडचा फाटा. नंदगडच्या पुढं रस्ता अरुंद होतो आणि ऊस किंवा गवत भरलेला ट्रॅक्टर पुढं आला की त्याच्या मागं गुमान राहायचं. हॉर्न वाजवून उपयोग नाही, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात.

रेल्वेनं यायचं तर खानापूर स्टेशन. मिरज-लोंढा मार्गावर बेळगावच्या पुढं येतं. तिथून बस किंवा वडाप. बसनं यायचं तर बेळगाव-खानापूर गाड्या दिवसभर असतात, खानापुरात उतरून हलशीची गाडी पकडायची. बसच्या पाट्या कन्नडात असतात. वाचता येत नसेल तर कंडक्टरला नुसतं "हलशी?" विचारा, मान हलवून सांगतात.

बायकांसाठी एक गोष्ट : कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र असेल तर सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. ११ जून २०२३ पासूनची शक्ती योजना. माझी कोल्हापूरची आत्या या मुद्द्यावर दरवेळी रुसते. माहेर बेळगावचं, पण आधारकार्डावर पत्ता सासरचा, त्यामुळं भावजया फुकट आणि ती पैसे देऊन.

परत यायला गाडी मिळते ना?

पोचल्याबरोबर स्टँडजवळच्या टपरीवर शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या आणि त्याच्या आधीची गाडी धरा. एकदा आम्ही शेवटच्या गाडीच्या भरवशावर डोंगरावर रेंगाळलो. खाली आलो तर टपरीवाला म्हणाला, "आज गाडी नाही की. सकाळी सांगितलो असतो, तुम्ही इचारलंच नाहीसा." शेवटी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घेतलं. खाली भाताचं पिंजर, वर चांदणं, आणि आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर नंदगड येईपर्यंत पँटवरचं कुसळ काढत बसलेले. आजही ते तीच सहल सगळ्यात चांगली झाली म्हणतात.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. भात पिवळं पडलेलं असतं किंवा मळणी चाललेली असते, हवा थंड. होळीच्या आधी आलात तर पळस फुललेला दिसेल. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात पाऊस कोसळतो. हिरवळ बघायला छान, पण देवळाचा दगड शेवाळलेला असतो आणि डोंगरवाटेवर जळवा. एप्रिल-मे मध्ये यायचंच असेल तर जाड मोजे आणा. चप्पल बाहेर काढावी लागते, मोजे काढायला कुणी सांगत नाही.

मोठ्या देवळात बघायचं काय? आम्हाला शिल्पातलं काही कळत नाही.

कळत नाही हेच बरं. कोरीव काम शोधायला याल तर निराश व्हाल. हळेबीडसारखी भरगच्च नक्षी इथं नाही. भिंती बऱ्याचशा सपाट. देखणेपण आहे ते आकारात.

आधी बाहेर उभं राहून शिखर बघा. घरात मडक्यांची उतरंड रचतात, खाली मोठं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, तसे दगडाचे थर एकावर एक आत सरकत गेलेत. पायऱ्या-पायऱ्यांचा चौकोनी डोंगर आणि टोकाला कळस. याला कदंब शिखर म्हणतात. एकदा डोळ्यात बसलं की मग दुसरीकडं कुठंही दिसलं तरी ओळखू येतं.

मग आत जा. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटभर लागतं, तेवढं थांबा. खांबाला हात लावून बघा, दगड इतका गुळगुळीत की बोट घसरतं. आणि मग लक्षात येतं की या देवळात दोन गाभारे आहेत, एकमेकांकडं तोंड करून. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, मध्ये मंडप. पूर्वेकडं तोंड असलेला गाभारा नरसिंहाचा. तिथं बसलेल्या विष्णूची, म्हणजे नारायणाची, मोठी मूर्ती आहे आणि तिच्याजवळ लहानसा स्वयंभू नरसिंह. घाईत लोकांच्या नजरेतून तो निसटतो. मागं सूर्यनारायण आणि महालक्ष्मी. समोरच्या गाभाऱ्यात भूवराह, जवळजवळ माणसाच्या उंचीचा, भूदेवीला उचलून घेतलेला.

भूवराहासमोर जरा जास्त वेळ थांबा. तोंड वराहाचं, अंगाचा डौल राजाचा, आणि पृथ्वी उचललेली असूनही कुठं ताण दिसत नाही. समईच्या उजेडात मूर्ती पुढं आल्यासारखी वाटते. पुजारी आरती ओवाळतात तेव्हा उजेड सुळ्यावरून भूदेवीकडं सरकतो. मी ते इतक्यांदा बघितलंय आणि तरी दरवेळी त्या क्षणाची वाट बघत असतो.

दोन देव समोरासमोर, तर आधी नमस्कार कुणाला? एकाकडं बघितलं तर दुसऱ्याला पाठ होते.

माझ्या आजीला हाच पेच पडला होता. देवाला पाठ दाखवायची नाही, ही तिची जन्माची शिस्त. मंडपाच्या मध्यावर येऊन ती अडकली. इकडं वळली तर तिकडचा देव मागं, तिकडं वळली तर इकडचा. शेवटी ती आडवी उभी राहिली, दोघांनाही खांदा देऊन. डावीकडं मान वळवून हात जोडले, उजवीकडं मान वळवून हात जोडले आणि खेकड्यासारखी तिरपी चालत बाहेर आली. पुजारी हसू दाबत म्हणाले, "आजी, हे दोघं एकच की." आजी म्हणाली, "ते त्यांना ठाऊक. मी आपली दोघांची मर्जी राखलीया."

ज्यांना क्रम हवाच असतो त्यांना मी साल सांगतो. नरसिंह आधीचा. ११६९ मध्ये मातायोगी नावाच्या सत्पुरुषानं अनंत-वीर-विक्रम-नरसिंहाची स्थापना केली, असं इथला शिलालेख सांगतो. भूवराह नंतरचा, ११८६-८७ चा, विष्णुचित्त राजानं बसवलेला. अवतारांच्या क्रमानं जायचं तर उलटं, वराह आधी आणि नरसिंह नंतर.

यात मला एक गंमत वाटत आलीय. वराहानं मारला तो हिरण्याक्ष, नरसिंहानं मारला तो हिरण्यकशिपू. ते दोघे सख्खे भाऊ. आणि ज्यांच्या काळात हे दोन देव इथं समोरासमोर बसले ते राजेही दोघे भाऊच : थोरला पेर्माडी, बिरुद शिवचित्त, धाकटा विजयादित्य, बिरुद विष्णुचित्त. एकाचं चित्त शिवाकडं, दुसऱ्याचं विष्णूकडं, आणि राज्य एकत्र. माझा एक चुलतभाऊ हे ऐकून म्हणाला, "आमच्यात एक बांध आहे, तोही जमेना."

शिलालेखात तारीख कशी दिलीय? शके आहे का?

कलियुगाचं वर्ष आहे. गोव्याच्या कदंबांना ही कालगणना आवडायची. नरसिंहाच्या स्थापनेचं वर्ष कली ४२७०. त्यातून ३१०१ वजा करा, ११६९ येतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना करायला लावा, तेवढीच पाच मिनिटं शांतता.

बाकीची देवळं कुठली? ती बघण्यासारखी आहेत का?

सुवर्णेश्वर, हाटकेश्वर, कपिलेश्वर, गोकर्णेश्वर, कल्मेश्वर. सगळे महादेव. काही पूजेत आहेत, काहींची पडझड झालीय. सुवर्णेश्वराकडं गेलात तर मोकळ्यावरचं एकटं लिंग आणि सभोवतीचे दगड बघून गलबलतं. पण नगरी बघायची असेल तर खरी इथंच आहे. एका देवळातून दुसऱ्याकडं चालत जाताना बांधावर घडीव दगड दिसतो, कुणाच्या गोठ्याच्या पायरीला कोरीव पट्टी दिसते. शहर कुठवर पसरलं होतं याचा अंदाज पायांना येतो. गाडीतून फिरलात तर यातलं काही कळत नाही.

नावांकडंही लक्ष द्या. संस्कृतात हाटक म्हणजे सोनं. म्हणजे सुवर्णेश्वर आणि हाटकेश्वर या दोघांचाही अर्थ सोन्याचा ईश्वर. गोकर्णेश्वरानं किनाऱ्यावरचं गोकर्ण इथं आणलंय आणि डोंगरावरच्या रामेश्वरानं दक्षिणेचं रामेश्वर. ज्याला लांबची यात्रा जमत नाही, त्यानं गावातल्या गावात करावी, अशी सोय. गोव्याच्या कदंबांचं स्वतःचं दैवत मात्र सप्तकोटीश्वर, त्याचा वर मिळाल्याचं ते आपल्या सोन्याच्या नाण्यांवर कोरायचे. गोव्यातल्या नार्व्याचं त्याच सप्तकोटीश्वराचं देऊळ पुढं १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी उभं केलं. हलशीत उभं राहून हा धागा पाहुण्यांना सांगितला की ज्यांचे मोबाईल बाहेर असतात तेही वर बघतात.

जैन लोकांना इथं काय आहे?

बरंच. गावात बसदीचे, म्हणजे जैन देवळाचे, अवशेष आहेत, आणि ताम्रपटांतला मोठा भाग जैन दानांचाच आहे. मृगेशवर्म्याच्या पटात यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तीन जैन संघांची नावं आहेत. रविवर्म्याच्या काळच्या पटात तर व्यवस्थाच लावून दिलीय : दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव करावा, त्याचा खर्च एका गावाच्या उत्पन्नातून व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधूंच्या जेवणाखाण्याची सोय व्हावी. चातुर्मासात मुनी आले की बेळगावच्या घरांत आजही जी धांदल उडते, तिची पंधराशे वर्षांपूर्वीची तरतूद ही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी बघून इथं आलात तर जास्त चांगलं. ती रट्ट राजांच्या काळची, १२०४ ची, बिचिराज मंत्र्यानं बांधलेली.

रामतीर्थाचा डोंगर वडीलधाऱ्यांना झेपेल का?

गुडघे धड असतील तर हळूहळू झेपतो. वर रामेश्वराचं देऊळ आणि पाण्याचं तीर्थ आहे. भर दुपारी चढू नका, पाणी बरोबर ठेवा आणि अंधार पडायच्या आत खाली या. रान जवळ आहे. ज्यांना चढवत नाही त्यांनी मोठ्या देवळाच्या आवारात बसावं. तिथं लहान देवळं आहेत, सावली आहे, आणि गावातल्या बायका गप्पांना बसल्या तर "कुठलं गाव तुमचं, पाहुणं कोण?" इथपासून सुरुवात होऊन शेवटी काहीतरी नातं निघतंच.

जेवणाचं काय?

डबा आणा. नाश्ता खानापुरात करून निघा. उप्पीट, इडली-वडा, पुरी-भाजी, आणि नशीब असेल तर गरम मिरची भजी. हलशीत मोठ्या हॉटेलाची अपेक्षा ठेवू नका, चहा मिळतो. आमचा डबा ठरलेला : भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, दह्याचा डबा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. शिवारातल्या झाडाखाली बसून खा. देवळाच्या ओवरीत नको, आणि उरलेलं तिथंच टाकायचं तर मुळीच नको.

आम्हाला कन्नड येत नाही. अडचण येईल का?

नाही. पाट्या कन्नडात, बोलणं मराठीत. या भागातल्या माणसाला दोन्ही येतात आणि एकाच वाक्यात दोन्ही येतात. कुणाला हाक मारायची तर अण्णा, अक्का चालतं, मामा, मावशीही चालतं. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेलच. एवढं करा : मंडपात उभं राहून "कदंब आमचे की त्यांचे" हा वाद काढू नका. एका पाहुण्यानं काढला होता, दोन तास गेले, रामतीर्थ राहिलं. चक्रतीर्थाचे ते ताम्रपट संस्कृतात आहेत.

कपडे, फोटो वगैरे?

साधे, अंगभर कपडे. बाहेरून फोटो काढा. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय नको. गाभारा दुपारी बंद असू शकतो, म्हणून दर्शन सकाळी उरकायचं.

येता-जाता आणखी काय जोडता येईल?

नंदगड तर वाटेवरच आहे, ते चुकवू नका. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या बाजूनं लढलेला संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला इथं फाशी दिली. त्याच्या समाधीवर वडाचं झाड आहे. त्याच्याच एका साथीदारानं ते रोप लावलं असं सांगतात. जन्म १५ ऑगस्टचा आणि फाशी २६ जानेवारीची, हे नंदगडचं शाळकरी पोरसुद्धा तुम्हाला थांबवून सांगेल.

कित्तूरकडं उतरणार असाल तर किल्ला आणि जवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर. ते शिवचित्ताची राणी कमलादेवी हिनं बांधवलेलं, आणि हलशीत जी नक्षी सापडत नाही ती सगळी तिथं आहे. पण हे सगळं एका दिवसात कोंबू नका. देगाव-कित्तूरला दुसरा दिवस द्या. खानापुराजवळ असोग्याला मलप्रभेच्या काठी रामलिंगाचं देऊळ आहे. परतताना अर्धा तास नदीत पाय सोडून बसायला ती जागा बरी.

यापेक्षा एका दिवसात कोल्हापूर केलं तर?

करा की. अंबाबाईचं दर्शन होईल, तांबडा-पांढरा होईल, चप्पल घ्याल. फक्त रांगेत तीन तास उभं राहून देव तीन सेकंद दिसला, असं आल्यावर मला सांगू नका. हलशीत मी भूवराहासमोर सलग वीस मिनिटं बसलोय आणि "चला पुढं, चला पुढं" कुणी म्हटलेलं नाही.

मुक्कामाची सोय?

खानापूर किंवा बेळगाव गाठा.

येताना आठवण म्हणून काय आणावं?

दुकानात घेण्यासारखं हलशीत काही नाही. कुंदा घ्यायचा तर बेळगावात. पण मे महिन्यात आलात तर फणस. नंदगड-खानापूर रस्त्याला कडेला रचून ठेवलेले असतात. पिकलेला घेऊ नका, दोन दिवसांनी पिकेल असा घ्या. थापटून बघायचं, आवाज भरीव येतो की पोकळ. कळत नसेल तर विकणाऱ्या अक्काला विचारा, ती तुम्हाला फसवणार नाही, पण तुमच्या थापटण्यावर हसेल. पुण्याच्या आमच्या एका मेव्हण्यांनी असा तेरा किलोचा फणस रेल्वेत मांडीवर घेऊन नेला. घटप्रभा येईतो वास अख्ख्या डब्यात आणि मिरजेला समोरच्या बाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही उतरताना कापणार, की आत्ताच?"